रनिंग स्टार्ट: हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे विषय कसे घ्यायचे

सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड या पट्ट्यातल्या मराठी घरांत मूल दहावीत गेलं की वॉशिंग्टन राज्याच्या ‘रनिंग स्टार्ट’ योजनेचा विषय निघतोच. कुणी सांगतं, दोन वर्षं फुकटात वाचतात. कुणी सांगतं, चांगल्या युनिव्हर्सिटीत काही चालत नाही. दोन्ही म्हणणी अर्धवट आहेत, आणि अर्धवट माहितीवर मुलाची दोन वर्षं ठरवणं महागात पडतं.

आधी एक गोंधळ दूर करू. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणतात, इमारतही पुष्कळदा कॉलेजचीच असते, पण तिथला एकही पेपर पुढे बीएस्सीत धरला जात नाही. रनिंग स्टार्टचं तसं नाही. अकरावी-बारावीचा विद्यार्थी कम्युनिटी कॉलेजात (पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे विषय शिकवणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजात) पदवीच्या विद्यार्थ्यांबरोबर एकाच वर्गात बसतो. तोच अभ्यासक्रम, तीच परीक्षा, आणि मिळालेलं क्रेडिट (विषय पूर्ण केल्याबद्दल जमा होणारं एकक) हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे जमा. अमेरिकेत अशी राज्यव्यापी योजना पहिल्यांदा मिनेसोटाने १९८५ साली आणली. वॉशिंग्टनचा कायदा १९९० चा. इतर राज्यांत नावं आणि नियम वेगळे आहेत (ओहायोत ‘कॉलेज क्रेडिट प्लस’, कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात ‘ड्युअल एन्रोलमेंट’), म्हणून खालचे आकडे वॉशिंग्टनपुरतेच धरा. अभ्यासक्रम निवडण्याची रीत मात्र कुठेही लागू पडेल.

हाती काय पडतं

कॉलेजची शिक्षण-फी (ट्यूशन) राज्य भरतं. पुस्तकं, कॉलेजची किरकोळ फी आणि येण्याजाण्याचा खर्च घरचा. उत्पन्न कमी असेल तर फी माफ होते. त्यासाठी अर्ज लागतो, तो काउन्सेलरकडे (हायस्कूलमधल्या सल्लागाराकडे) मागा.

खरी गंमत क्रेडिटच्या हिशेबात आहे. कॉलेजचे ५ क्वार्टर क्रेडिट म्हणजे हायस्कूलचं १ पूर्ण क्रेडिट. हायस्कूलमध्ये १ क्रेडिटला अख्खं वर्ष लागतं, कॉलेजात एक क्वार्टर, म्हणजे परीक्षेसकट साधारण ११ आठवडे. त्यामुळे इंग्लिश& १०१ आणि त्यानंतरचा लेखनाचा विषय (कोडमधल्या चिन्हाचा अर्थ खाली येतो) अशा दोन क्वार्टरमध्ये अकरावी आणि बारावी दोन्ही वर्षांचं इंग्रजी होऊन जातं. डिग्रीला १८० क्वार्टर क्रेडिट लागतात, वर्षाला साधारण ४५. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनची राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठीची वर्षाची फी १२ हजार डॉलरच्या वर आहे. ४५ क्रेडिट खरोखर उपयोगी पडले, तर राहण्याजेवण्याचा खर्च सोडूनही एवढी रक्कम वाचते.

‘खरोखर उपयोगी पडले तर’ हे शब्द आम्ही मुद्दाम घातले आहेत. बारावीअखेर ९० क्रेडिट जमवलेली, पण त्यातले बहुतेक मानसशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास आणि भाषणकलेत घालवलेली मुलं मेकॅनिकल इंजिनिअरिंगला गेली, तर त्यांना तिथेही पूर्ण चार वर्षं लागतात. कारण इंजिनिअरिंगचा वेळ ठरतो साखळीवर. कॅल्क्युलस एक झाल्याशिवाय कॅल्क्युलस दोन नाही, कॅल्क्युलसशिवाय इंजिनिअरिंगचं फिजिक्स नाही, आणि त्या फिजिक्सशिवाय पुढचे विषय उघडत नाहीत. उलट मॅथ& १५१, मॅथ& १५२, केमिस्ट्री& १६१ आणि इंग्लिश& १०१ एवढे चारच विषय (पहिले दोन म्हणजे कॅल्क्युलस एक आणि दोन), म्हणजे जेमतेम २० क्रेडिट, नीट केले तर साखळीची पहिली कडी हायस्कूलमध्येच मोकळी होते. क्रेडिट किती जमले हे विचारूच नका. कोणत्या विषयामागे पुढचे किती विषय अडून आहेत, हे पाहा.

कोर्सच्या कोडमधलं ‘&’ हे चिन्ह

कॉलेजच्या वेळापत्रकात काही विषयांच्या संक्षेपाला ‘&’ चिकटलेलं दिसेल आणि पुढे क्रमांक. छापण्यातली चूक समजून अनेकजण तिकडे दुर्लक्ष करतात. या चिन्हाचा अर्थ असा की हा विषय राज्यभरातल्या कम्युनिटी आणि टेक्निकल कॉलेजांनी मिळून ठरवलेल्या समान क्रमांकाचा आहे. एका कॉलेजातला मॅथ& १५१ दुसऱ्या कॉलेजात त्याच नावाने धरला जातो. चिन्ह नसलेले विषय वाईट नसतात, पण ते पुढे कशाच्या बदल्यात धरले जातील हे तुम्हाला स्वतः तपासावं लागतं.

तपासायचं कसं? युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन आपल्या वेबसाइटवर प्रत्येक कम्युनिटी कॉलेजची समतुल्यता-यादी ठेवते. कॉलेज निवडा, विषय शोधा, समोर त्यांचा क्रमांक दिसेल. मॅथ& १५१ समोर त्यांचा मॅथ १२४ आहे, मॅथ& १५२ समोर मॅथ १२५. समोर नुसतंच ‘एक्स’ लावलेलं काही असेल, तर क्रेडिट मिळेल पण ठरावीक विषयाची जागा भरेलच असं नाही. ही यादी आणि मुलाला आवडणाऱ्या दोन-तीन डिग्र्यांची पूर्वअटींची पानं शेजारी शेजारी उघडून बसा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि या सगळ्या प्रकरणातलं सर्वात मोलाचं.

दहावीच्या हिवाळ्यापासून काय करायचं

जानेवारी-फेब्रुवारीत कॉलेजांची माहिती-सत्रं असतात. एकाला तरी मुलासकट जा. त्याच सुमारास हायस्कूलच्या काउन्सेलरची वेळ घ्या आणि एकच प्रश्न विचारा: ग्रॅज्युएट व्हायला अजून नेमकं काय बाकी आहे? इंग्रजी आणि गणित सगळ्यांच्या डोक्यात असतं. अडवतात ते आरोग्य-व्यायाम, कला आणि सामाजिक शास्त्रांतले ठरावीक विषय. बाकीची यादी लेखी घ्या. कॉलेजातला कोणता विषय त्यातल्या कोणत्या रकान्यात बसतो हेही तिथेच लिहून घ्या. तोंडी ‘चालेल’वर जाऊ नका, कारण पुढच्या वर्षी काउन्सेलर बदललेला असू शकतो.

वसंतात कॉलेजचा ऑनलाइन अर्ज भरायचा. मग इंग्रजी आणि गणितातली पातळी ठरते: हायस्कूलचे गुण, राज्याच्या परीक्षेतला निकाल किंवा कॉलेजची प्लेसमेंट टेस्ट, जे त्या कॉलेजला मान्य असेल त्यावर. इथे एक खड्डा आहे. राज्य फक्त १०० आणि त्यावरच्या क्रमांकाच्या विषयांचे पैसे भरतं. प्लेसमेंट खाली गेली तर त्याखालचे विषय स्वतःच्या खिशातून करावे लागतात. म्हणून गणिताची टेस्ट सुट्टीहून आल्या आल्या, बीजगणित गंजलेलं असताना देऊ नका. दोन आठवडे उजळणी करून द्या.

त्यानंतर ओरिएंटेशन, आणि मग पडताळणीचा फॉर्म. या फॉर्मवर विद्यार्थी, पालक आणि काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात आणि तो दर क्वार्टरला नव्याने भरावा लागतो. सर्वाधिक गडबड इथेच होते: शरद क्वार्टरचा फॉर्म दिला म्हणून हिवाळ्याचाही झाला असं समजून बसतात, आणि मग शिक्षण-फीचं पूर्ण बिल घरी येतं. बिल आलं तर आधी फॉर्म तपासा.

हा फॉर्म भार किती घेता येईल तेही सांगतो. हायस्कूल आणि कॉलेज मिळून १.४ पर्यंतचा भार (१.० म्हणजे पूर्णवेळ) राज्य उचलतं. कॉलेजचे १५ क्रेडिट म्हणजे १.०. मूल हायस्कूलचे सगळे तास पूर्ण करत असेल तर कॉलेजचे ६ क्रेडिट उरतात, म्हणजे व्यवहारात एकच विषय. हायस्कूलचा भार ०.६ वर आणला तर १२ क्रेडिट. त्यापलीकडचं सगळं तुमच्या खर्चाने.

नोंदणीत नव्या विद्यार्थ्याचा नंबर बहुधा शेवटी लागतो, त्यामुळे कॅल्क्युलस आणि केमिस्ट्रीचे सोयीचे वर्ग भरलेले असतात. हाताशी तीन पर्याय ठेवा आणि वेटलिस्टवर नाव घाला. पहिल्याच दिवशी वर्गाला न जाणाऱ्याचं नाव काढलं जाऊ शकतं. आणि इथे दोन कॅलेंडरं आपटतात: हायस्कूल सप्टेंबरच्या आरंभी किंवा त्याआधी उघडतं, कॉलेज सप्टेंबरच्या शेवटी. वसंताची सुट्टीही एकाच आठवड्यात पडेल असं नाही. भारताची तिकिटं काढण्यापूर्वी दोन्ही कॅलेंडरं भिंतीवर लावा.

भार किती घ्यावा

वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तास, हा कॉलेजचा सर्वमान्य हिशेब आहे. ५ क्रेडिटचा विषय म्हणजे आठवड्याला ५ तास वर्ग आणि १० तास अभ्यास, एकूण १५. असे तीन विषय म्हणजे ४५ तास, शिवाय बसचा प्रवास. रोबोटिक्स, पोहणं, शनिवारची मराठी शाळा हे सगळं तसंच ठेवून हे जमत नाही.

पहिल्या क्वार्टरला एक, फार तर दोन विषय घ्या, आणि त्यातला एक लेखनाचा असू द्या. हायस्कूलमध्ये गृहपाठ उशिरा दिला तरी काही गुण हाती लागतात, पुन्हा परीक्षा देता येते. कॉलेजात बऱ्याच प्राध्यापकांकडे असं काही नसतं. दोन मध्यावधी परीक्षा आणि एक अंतिम यांवर ग्रेड ठरते, आणि ११ आठवड्यांत चौथ्या आठवड्याला मागे पडलेलं मूल सहाव्याला सावरेलच असं नाही. तारखा सिलॅबसमध्ये पहिल्याच दिवशी हातात येतात. त्या पानावरून सगळ्या परीक्षा कॅलेंडरवर उतरवून घेणं मुलाने स्वतः करावं, आईबाबांनी नाही.

कुठे बिनसतं

कॉलेजची ग्रेड कायमची असते. सुरुवातीच्या मुदतीत, साधारण दुसऱ्या आठवड्याअखेरपर्यंत, विषय सोडला तर खूण राहत नाही. त्यानंतर सोडला तर ‘डब्ल्यू’ (विषय सोडल्याची खूण) लागतो, आणि हायस्कूललाही त्या विषयाचं क्रेडिट मिळत नाही. बारावीच्या वसंतात इंग्रजी सोडलं तर ग्रॅज्युएशनच अडतं. सोडण्याआधी काउन्सेलरला मेल करा, नंतर नाही.

डॉक्टर व्हायचं असेल तर हे दोनदा वाचा. मेडिकल कॉलेजांचा सामाईक अर्ज घेणारी एएमसीएएस ही सेवा कॉलेजात घेतलेल्या प्रत्येक विषयाची ग्रेड मागते, तो हायस्कूलमध्ये असताना घेतला असला तरीही, आणि ती सरासरीत धरते. सोळाव्या वर्षी केमिस्ट्रीत पडलेला ‘सी’ बावीसाव्या वर्षीच्या अर्जात हजर असतो. अशा मुलांनी सायन्सचे अवघड विषय तयारी पक्की असेल तरच इथे घ्यावेत. त्याच कम्युनिटी कॉलेजात पुढे शिकून आर्थिक मदत मागायची झाली, तर तिथली जुनी नापास ग्रेडही आड येऊ शकते.

पालकांना सर्वात जड जातं ते फर्पा कायद्याचं (विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा केंद्रीय कायदा). कॉलेजमधल्या नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा असतो, तो सोळा वर्षांचा असला तरी. तुम्ही फोन केलात तर प्राध्यापक ‘मी बोलू शकत नाही’ म्हणतील, आणि ते बरोबरच आहेत. काही अडलं तर मेल मुलानेच, कॉलेजच्या पत्त्यावरून करायचा. हायस्कूलमधला ‘आयईपी’ही (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने आखलेली योजना) कॉलेजात आपोआप लागू होत नाही. जादा वेळ किंवा इतर सोय हवी असेल तर विद्यार्थ्याने कॉलेजच्या अपंगत्व-सेवा कार्यालयात स्वतः नाव नोंदवायचं, आणि तेही क्वार्टर सुरू होण्याआधी.

राज्याबाहेर किंवा नावाजलेल्या खासगी कॉलेजांत जायचं ठरलं असेल, तर या क्रेडिटवर भिस्त ठेवू नका. हायस्कूलच्या ग्रॅज्युएशनसाठी वापरलेले विषय त्यांतली बरीच कॉलेजं धरत नाहीत. तिथे मेमधली एपी परीक्षा (हायस्कूलमधल्या कॉलेज-पातळीच्या विषयांची देशव्यापी परीक्षा) आणि त्यातला ४ किंवा ५ गुणांक अधिक ठिकाणी ओळखला जातो. एकाच विषयाचे दोन्ही मात्र करू नका: एपी कॅल्क्युलसचं क्रेडिट आणि मॅथ& १५१ चं क्रेडिट एकदाच मोजतात. प्रवास जमत नसेल तर ‘कॉलेज इन द हायस्कूल’ हाही मार्ग आहे. विषय हायस्कूलचेच शिक्षक हायस्कूलमध्येच शिकवतात, क्रेडिट कॉलेजचं मिळतं, आणि २०२३ च्या कायद्यानंतर सरकारी शाळांत त्याची फी लागत नाही.

अर्ज करताना आणि नंतर

९० क्रेडिट असले तरी युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला रनिंग स्टार्टचा विद्यार्थी ‘फ्रेशमन’ (पहिल्या वर्षाचा नवा विद्यार्थी) म्हणूनच अर्ज करतो. मात्र बारावी संपल्यावर शरदात कम्युनिटी कॉलेजात पुन्हा नाव घातलं, तर तो ‘ट्रान्सफर’ (दुसऱ्या कॉलेजातून येणारा) ठरतो. त्याची तारीख, रांग आणि अटी सगळ्या वेगळ्या. ‘अजून एक क्वार्टर करून घेऊ’ म्हणण्याआधी हे लक्षात घ्या.

प्रत्येक विषयाचा सिलॅबस पीडीएफ करून एका फोल्डरमध्ये ठेवा. चार वर्षांनी एखाद्या विभागाने ‘यात नक्की काय शिकवलं होतं?’ असं विचारलं तर तोच कामी येतो, आणि विषय संपल्यावर कॉलेजच्या पोर्टलवर तो मिळेलच असं नाही.

बारावीच्या जूनमध्ये शेवटच्या क्वार्टरच्या ग्रेड लागल्या की कम्युनिटी कॉलेजकडून अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रक) स्वतः मागवून नव्या युनिव्हर्सिटीला पाठवा. ते आपोआप जात नाही. हायस्कूलच्या ट्रान्स्क्रिप्टवर तेच विषय दिसत असले तरी क्रेडिट चढवायला ते चालत नाही. ऑगस्टच्या नोंदणीआधी क्रेडिट चढलेले नसतील, तर मुलाला पुन्हा कॅल्क्युलस एकच्या वर्गात बसवलं जाईल.