कामावर अपघात झाला तर भरपाईचा दावा कसा लावायचा, अन् कोर्ट नेमकं काय बघतं

आमच्या मामेभावाची दोन बोटं जालन्याजवळच्या एका वर्कशॉपात कटिंग मशीनखाली गेली. ट्रॉल्या बनवायचं काम, मालक धरून आठ माणसं, ईएसआय (राज्य कामगार विमा) नाही, पीएफ नाही, पगार १४,००० रोख हातात. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं अन् तिसऱ्या दिवशी बॉण्ड घेऊन हजर, ४०,००० घे अन् इथं सही कर. मामा तर तयारच झाला होता, म्हणे माणूस चांगलाय, बिल तरी भरलं. मी म्हणलं मामा सही नका करू, आधी वकिलाला विचारू. तेव्हा मला बी कायद्यातलं काही कळत नव्हतं, मग दीड वर्ष चकरा मारून जे कळलं ते इथं लिहितोय.

सगळ्यात आधी डोक्यातून एक गोष्ट काढा, की चूक कोणाची होती. आपले लोक तिथंच अडकतात, "माझंच लक्ष नव्हतं, आता मालकाला काय म्हणू". अरे बाबा, १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात मालकाची चूक दाखवायची गरजच नाही अन् तुमचं लक्ष नव्हतं म्हणून दावा पडत पण नाही. मालक सुटू शकतो तो दारू-नशेत काम करताना झालं, किंवा सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडला, मशीनचं गार्ड (सुरक्षेचं झाकण) मुद्दाम काढलं, असं त्यानं सिद्ध केलं तरच. माणूस गेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला तर ही कारणं सुद्धा चालत नाहीत. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, हा कायदा आता तिच्यात आलाय, आधीच्या अपघातांना जुनाच कायदा, पण गाभा तोच आहे.)

मग कोर्ट काय बघतं? तीनच गोष्टी. तुम्ही त्याचे कामगार होता का, अपघात कामामुळं अन् कामाच्या दरम्यान झाला का, अन् कमाई किती बुडाली. खरी मारामारी दुसऱ्या गोष्टीवर होते. त्यावर आपल्या धाराशिवचीच एक केस आहे, प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी. साखर कारखान्याचा रखवालदार, पाळी पहाटे ३ ते सकाळी ११, २२ एप्रिल २००३ ला मोटारसायकलवर ड्युटीला निघाला अन् कारखाना पाच किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. धाराशिवच्या आयुक्तांनी (म्हणजे हे भरपाईचे दावे ऐकतात त्यांनी) २००९ ला ३,२६,१४० रुपये अन् १२ टक्के व्याज मंजूर केलं, हायकोर्टानं २०११ ला ते रद्द केलं, म्हणे रस्त्यावरचा अपघात कामावरचा कसा. बायको-लेकरं सुप्रीम कोर्टात गेली अन् २९ जुलै २०२५ ला पैसे परत मंजूर झाले, २२ वर्षांनी. कोर्ट म्हणालं की पाळीची वेळ, घर ते कारखाना हा रस्ता अन् त्या वेळी तिथं असण्याचं कारण, यांचा कामाशी मेळ बसत असला तर जाता-येतानाचा अपघात पण कामातलाच. नव्या संहितेत तर हे थेट लिहूनच टाकलंय. पण याचा अर्थ ड्युटी सुटल्यावर मित्राच्या लग्नाला जाताना पडलो ते पण चालेल असा घेऊ नका.

दुसरी नेहमीची पळवाट म्हणजे "तो आमचा नाही, गुत्तेदाराचा (ठेकेदाराचा) माणूस आहे". चालत नाही. मूळ मालकाच्या धंद्याचंच काम गुत्तेदाराकडून करून घेतलं असलं तर दावा मूळ मालकावर लावता येतो, तो नंतर गुत्तेदाराकडून वसूल करत बसू दे. म्हणून दाव्यात दोघांची पण नावं टाका. मुकादमाच्या टोळीत गेलेल्या ऊसतोड मजुरांनी तर हे घोकूनच ठेवावं.

आता कागद. केस इथंच जिंकता नाहीतर हरता. दवाखान्यात पोचल्या पोचल्या केस पेपरवर "कामावर मशीनमध्ये हात सापडला" हे लिहून घ्या, एमएलसी (पोलिसांना कळवायची दवाखान्याची नोंद) करायला लावा. कारण मालकाचा माणूस सोबत असतो अन् हळूच सांगतो की घरी पडला, अन् तेच वाक्य वर्षभरानं उलटतपासणीत तुमच्या समोर येतं. आमच्या केसमध्ये तर मालकाच्या वकिलानं "तो पिऊन होता" म्हणून पण विचारून बघितलं, पहिल्या कागदावर तसं काहीच नव्हतं म्हणून निभावलं. पोलीस स्टेशनला खबर द्या, जागेचा पंचनामा मागा, मशीनचे फोटो सोबतच्या पोराकडून त्याच दिवशी काढून घ्या, उद्या तिथं नवीन गार्ड बसलेलं असतं. पगार रोख असला तर पुरावा कुठून आणायचा? फोनपेवर कधी ॲडव्हान्स आला असेल, पाळीचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल, हजेरीच्या वहीचा फोटो, मुकादमाची उचलीची चिठ्ठी, काहीपण चालतं, अन् सोबत एक तरी साक्षीदार पाहिजे जो नोकरी जाईल म्हणून शेवटी पलटणार नाही. मालकाला लेखी नोटीस रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा, पोच सांभाळून ठेवा.

पैसे किती, याचा हिशोब ठरलेला आहे. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराच्या ५० टक्के गुणिले वयाचा आकडा (कायद्याच्या तक्त्यात प्रत्येक वयाला ठरवून दिलेला), कायमचा पूर्ण निकामी झाला तर ६० टक्के गुणिले तोच आकडा. पगार कितीपण असो, ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार १५,००० च्या वर धरत नाहीत. मामेभावाचं वय २८, आकडा २११.७९, म्हणजे १४,००० चे ६० टक्के ८,४००, गुणिले २११.७९ झाले १७,७९,०३६. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या यादीत २० टक्के, म्हणजे साडेतीन लाखाच्या वर, बरोबर ३,५५,८०७. अन् मालक देत होता ४०,०००! असल्या कमी पैशाच्या बॉण्डवर सही झाली असली तरी घाबरू नका, कायद्यातला हक्क करार करून सोडता येत नाही, अन् मृत्यूच्या केसमध्ये तर मालकानं पैसे आयुक्तांकडंच भरावे लागतात, घरी आणून दिलेलं धरत नाहीत.

अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी अन् कमाईचं नुकसान हे पण वेगळं असतं. १९७६ च्या एका केसमध्ये सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापला होता, सुप्रीम कोर्टानं नुकसान १०० टक्के धरलं कारण एका हातानं सुतारकाम होतच नाही. म्हणून डॉक्टरला साक्षीला आणा अन् तुमचं काम नेमकं काय होतं ते त्याच्या तोंडून येऊ द्या.

ट्रॅक्टर-ट्रॉली पलटली असं असलं तर दोन रस्ते आहेत, इथं म्हणजे आयुक्तांकडं, किंवा मोटार अपघात न्यायाधिकरण, दोन्हीकडं मागता येत नाही. तिकडं १५,००० ची मर्यादा नाही पण सहसा समोरच्याची चूक दाखवावी लागते, त्यामुळं ड्रायव्हर स्वतःच चुकला असेल तर माझ्या मते इकडंच या. ईएसआय कार्ड असलं तर मात्र तिथूनच घ्यायचं, हा दावा लागत नाही.

दावा दोन वर्षांच्या आत लावा. आयुक्त म्हणजे कामगार न्यायालय नाहीतर सिनियर डिव्हिजनचे दिवाणी न्यायाधीश, अन् तुम्ही राहता त्या भागात पण दावा लावता येतो, अपघात कोल्हापूरकडं झाला म्हणून बीडवरून तिकडं पळायची गरज नाही. महिनाभरात मालकानं पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, वरून ५० टक्क्यांपर्यंत दंड. वकिलाला पैसे नसले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नंबर १५१००, कारखान्यातला कामगार, बाई, अपंग, दलित-आदिवासी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फक्त वकील मिळाला म्हणून घरी बसू नका, तारखेला स्वतः जात जा, आमच्या तीन तारखा निव्वळ कोणी हजर नव्हतं म्हणून वाया गेल्या.