जुनी हेराल्ड मोटार घरच्या शेडमध्ये नव्यानं जोडताय? या चुका टाळा

गेल्या दिवाळीपासून मला जुनी हेराल्ड घेतलेल्या चार जणांचे फोन आले आणि चौघांनीही पहिला प्रश्न एकच विचारला, "दादा, रंग कोणता मारू?" एकाची गाडी तर अजून गोठ्यातून बाहेरसुद्धा निघाली नव्हती. रंग सगळ्यात शेवटी येतो. आधी ब्रेक, मग चाकं आणि सस्पेन्शन, मग इंजिन, मग पत्रा. हा क्रम मोडणाऱ्यांच्या गाड्या मी चकचकीत रंगात झाडाखाली सडताना पाहिल्या आहेत.

मी आर्वी तालुक्यात शेती करतो. अकरा वर्षांत दोन स्टँडर्ड हेराल्ड घरच्या शेडमध्ये खोलून जोडल्या, तिसरी सध्या घोड्यांवर, म्हणजे गाडी उचलून धरणाऱ्या लोखंडी स्टँडवर आहे. हेराल्ड तशी कुटुंबाची गाडी. इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीनं ती आखली आणि १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड कंपनीनं ती बनवली. पण १९६२ साली इंग्लंडात ट्रायम्फनं स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली, ती याच हेराल्डची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड करून. पुढचं सस्पेन्शन, मागचा स्प्रिंगचा आडवा पाटा, मडगार्डांसकट पुढे उलटणारं बॉनेट, सगळं एकाच घरातलं. म्हणून आपल्या भागात दोन दारांची हेराल्ड हाती लागली तर ती स्पोर्ट्स कार म्हणूनच जपावी, आणि खाली लिहिलेलं पुष्कळसं स्पिटफायरलाही लागू धरावं.

ट्रनियनला ग्रीस मारू नका

हे मी प्रत्येकाला सांगतो आणि दहातले आठ जण तरीही ग्रीसच मारतात.

पुढच्या प्रत्येक चाकाच्या आत एक उभा पोलादी दांडा असतो. त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते ट्रनियन नावाच्या पितळी सांध्यात फिरवून बसवलेले असतात. स्टेअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांवरच फिरतो. म्हणजे गाडीच्या पुढच्या वजनाचा सगळा भरवसा एका नट-बोल्टसारख्या सांध्यावर. कंपनीच्या पुस्तकात तिथे ईपी ९० गिअर ऑइल सांगितलेलं आहे. ग्रीस त्या आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, जागच्या जागी वाळून दगडासारखं होतं. मग पावसाचं पाणी आत मुरतं आणि दांडा आट्यांजवळ गंजून बारीक होत जातो. बाहेरून काही दिसत नाही, कारण तो भाग चिखलानं लिंपलेला असतो.

पहिल्या गाडीच्या वेळी मी इंजिन आणि ब्रेक स्वतः केले, पण पुढचं सस्पेन्शन तालुक्याच्या एका गॅरेजात दिलं. मिस्त्रीचा ट्रॅक्टरवर हात बसलेला. त्यानं ग्रीस गन लावली आणि दोन्ही ट्रनियन भरून टाकले. मी विचारलं तर म्हणाला, "ट्रॅक्टरले बी हेच मारतो ना भाऊ, याले काय होते?" मला पुस्तकात वाचलेलं आठवत होतं, तरी मी गप्प राहिलो.

गाडी दीड वर्ष छान चालली. मग श्रावणात एका संध्याकाळी पुलगाव रस्त्यावरून आमच्या शेताच्या पांदणीत वळत होतो. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, वेग माणसाच्या चालण्याएवढा. काडकन आवाज आला आणि उजवा कोपरा खाली बसला. उतरून पाहिलं तर उजवं चाक आडवं पडून मडगार्डात घुसलेलं. दांडा तुटला होता. त्याचा तो तुकडा आजही माझ्या शेडच्या खिडकीत आहे, येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात देतो. कडेनं सगळा काळा-तपकिरी गंज, आणि अगदी मधोमध हरभऱ्याच्या दाण्याएवढी चकचकीत जागा. तेवढ्या हरभऱ्यावर चाक टिकून होतं. पाच मिनिटं आधी आम्ही त्याच रस्त्यावर साठच्या वेगानं आलो होतो आणि माझी मुलगी मागच्या सीटवर होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

शिवाय हेराल्डचं बॉनेट आणि दोन्ही मडगार्ड मिळून एकच मोठा तुकडा असतो. एक कोपरा चेपला की सगळंच उतरवून डेंटरकडे न्यावं लागतं.

आता माझी सवय सांगतो. एक ग्रीस गन मी फक्त याच कामासाठी ठेवली आहे, तिच्यात ईपी ९० भरतो आणि तिच्यावर लाल पट्टा मारला आहे, म्हणजे शेडमधलं दुसरं कोणी तिच्यात ग्रीस भरणार नाही. मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, ट्रनियनचा प्लग काढून निपल लावतो आणि वरून ऑइल पाझरायला लागेपर्यंत दाबतो. ऑइल खाली गळतं, जमिनीवर डाग पडतात. पडू द्या. ज्या हेराल्डच्या ट्रनियनखाली डाग नाही तिच्यात मी बसत नाही.

खोलून बसवणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. डाव्या चाकाचे आटे डावे, उजव्याचे उजवे, त्यामुळे ट्रनियनची अदलाबदल होत नाही. आणि दांडा पूर्ण आत फिरवल्यावर जास्तीत जास्त एक फेरा मागे घ्या, नाहीतर स्टेअरिंग पूर्ण वळलं की आटे तळाला टेकतात. आटे रॉकेलनं धुऊन नख फिरवा. नखाला खड्डा लागला तर तो दांडा भंगारात. लेथवाला "भरून देतो, नवे आटे पाडून देतो" म्हणेल. ब्रॅकेटला ते चालतं, चाकाला चालत नाही.

बॉडी उचलण्याची घाई

हेराल्डची बॉडी वेगळी आणि चेसिस वेगळी. बोल्ट काढले की सात-आठ पोरं बॉडी उचलून बाजूला ठेवू शकतात आणि नेमका इथेच घात होतो. दिवसभरात एवढं मोठं काम उरकल्याचा आनंद असतो, फोटो निघतात, चहा होतो.

धामणगावकडच्या एका मित्रानं असंच केलं. जत्रेला आलेली पोरं जमवली, दुपारी बॉडी उचलली आणि लिंबाखाली विटांवर ठेवली. संध्याकाळी मला फोन, "भाऊ, होऊन गेलं ना!" मी विचारलं, "मधल्या पट्ट्या कुठे ठेवल्या?" तो म्हणाला, "कोणत्या पट्ट्या?"

चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये जागोजागी पत्र्याच्या पॅकिंगच्या पट्ट्या असतात. कुठे एक, कुठे तीन, कुठे एकही नाही. कारखान्यात दारं नीट बसेपर्यंत त्या घालून-काढून प्रत्येक गाडीचा मेळ जमवलेला असतो. त्या गंजलेल्या तुकड्यांसारख्या दिसतात. त्याच्याकडे त्या काळ्या मातीत पडल्या, दुसऱ्या दिवशी अंगण झाडताना उकिरड्यावर गेल्या. दुसरं म्हणजे बॉडीचा तळ आधीच सडलेला होता आणि दाराच्या चौकटीला आधार न देता ती उचलली, त्यामुळे ती मधून बसली. बॉडी परत चढवली तेव्हा डावं दार वर दोन सूत फाकलेलं आणि खाली घासत होतं.

दसऱ्यापासून होळीपर्यंत आम्ही दर रविवारी तेच करत होतो. बोल्ट ढिला करायचा, पत्र्याची पट्टी कापून सरकवायची, आवळायचं, दार लावून पाहायचं. एक कोपरा जमला की दुसरा बिघडायचा. शेवटी तळाचं वेल्डिंग कापून, जॅकनं मधला भाग वर घेऊन पुन्हा जोडला. दारं आज लागतात, पण डाव्या दाराची फट अजून सारखी नाही आणि गाडीपाशी गेलो की मला आधी तीच दिसते.

म्हणून बॉडी हलवण्याच्या आधी मी दारांच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइप आडवा आणि तिरपा वेल्डिंगच्या टाक्यांनी जोडून घेतो. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून वहीत लिहितो. तळाचा सडका पत्रा शक्यतो बॉडी चेसिसवर असतानाच बदलतो, दारं लावलेली ठेवून. दर टाक्यानंतर दार उघडून लावून बघतो. वेळ लागतो, पण पाच महिने लागत नाहीत.

आणि खुणा कागदावर करू नका. शेडमध्ये उंदीर आहेत, उधई आहे, तेलकट हात आहेत. माझा पहिला सगळा लेबलांचा गठ्ठा उंदरांनी सरकीच्या पोत्यामागे नेऊन घरटं केलं होतं. आता मी तेलाच्या रिकाम्या पिप्याच्या पट्ट्या कापतो, खिळ्यानं ठोकून नंबर पाडतो आणि बांधायच्या बारीक तारेनं भागाला बांधतो. पॅकिंगच्या पट्ट्या ज्या बोल्टवरून निघाल्या त्याच बोल्टमध्ये ओवून वर नट लावून ठेवतो.

बंद पडलेलं इंजिन ट्रॅक्टरनं ओढू नका

आपल्याकडे ट्रॅक्टर दारात असतो, म्हणून हा मोह होतो. वीस वर्षं उभ्या गाडीचे पिस्टन सिलिंडरला धरलेले असतात. गिअरमध्ये टाकून ओढलं की रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धी वाटी डिझेल आणि थोडं इंजिन ऑइल ओता आणि आठ दिवस तिकडे फिरकू नका. मग क्रँक पुलीच्या नटाला लांब पाना लावून हलकेच मागे-पुढे करा. नाही हललं तर अजून आठ दिवस. आमच्या दुसऱ्या गाडीला एकवीस दिवस लागले. ज्याला एकवीस दिवस थांबवत नाही त्यानं चालू गाडी विकत घ्यावी.

पाने

या गाडीचे नट इंचातले आहेत. चार सुती म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, जोर दिला की कोपरे गोल करतो. नऊ सोळांश इंचाचा नट १४.२९ भरतो, त्याला १४ चा जात नाही आणि १५ चा डुलतो. एक इंची सेट घ्या. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या जुन्या मिस्त्र्यांकडे तो असतोच.

गोठा आणि खताची खोली

गाडी गुरांच्या शेजारी ठेवू नका. गोठ्यातला अमोनिया पितळ आणि तांबं खातो, सारवलेली जमीन सतत ओल देते. युरियाच्या पोत्यांजवळ ठेवलेली चेसिस एका पावसाळ्यात पापुद्रे सोडते.

पत्रा आणि रंग

संडास धुवायचं ॲसिड गंजावर ओतू नका. ते पत्र्याच्या सांध्यात शिरतं, वरून कितीही धुतलं तरी आत राहतं आणि वर्षभरात रंगाखालून फोड येतात. सांधे तारेच्या ब्रशनं साफ करावेत. आषाढ-श्रावणात संध्याकाळपर्यंत जेवढ्यावर प्रायमर मारून होईल तेवढाच पत्रा उघडा करा, रातोरात गंजाची लाली चढते.

पातळ पत्र्याला आर्क वेल्डिंग करू नका, भोकं पडतात. त्यात आपल्याकडे शेतातल्या पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि टाका वरवरच राहतो. पेट्रोलची टाकी काढल्याशिवाय मागच्या बाजूला वेल्डिंग तर अजिबातच नाही.

पुट्टी दोन सुतांपेक्षा जाड बसत असेल तर डेंटिंग झालेलंच नाही.

रंग मे महिन्यात मारू नका, तापलेल्या पत्र्यावर तो बसायच्या आधीच वाळून खरखरीत होतो. पावसाळ्यात हवेतल्या ओलीनं पांढुरका पडतो. सोयाबीनच्या दिवसांत थ्रेशरचा भुसा उडतो. मी जानेवारीच्या शेवटी, दव ओसरल्यावर अकराच्या सुमाराला मारतो, जमिनीवर पाणी शिंपडून. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग असेल तर तोंडाला दुपट्टा बांधून भागत नाही, त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला बाधतं. कामाचा मास्क आणा.

थोडक्यात अजून काही

गाडीखाली विटा रचून शिरू नका. वीट फुटताना आधी सांगत नाही. घोड्या लावा.

ब्रेकमध्ये ब्रेक ऑइलच. इंजिन ऑइल घातलं की रबरं फुगतात आणि चाकं जाम होतात.

बॅटरी लावण्याआधी बघा, त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत प्लसची तार बॉडीला असते.

पेट्रोलचे जुने रबरी पाइप सगळे बदला. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ते विरघळवतं आणि टाकीत पाणी धरतं. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा.

हेराल्डचं छप्पर कापू नका. ते बोल्टवर बसवलेलं आहे, पाना लावून निघतं.

कागद आणि मारुतीचं इंजिन

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो हे ऐकून: "दादा, मारुतीचं इंजिन टाकून देऊ का, झंझट नाही." २०२१ साली केंद्रानं जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षं चालते. रोजच्या वापराला ती गाडी चालत नाही. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. मारुतीचं इंजिन बसलं की तो रस्ता बंद, आणि हेराल्डचं मूळ इंजिन तोवर भंगारवाल्याकडे किलोवर गेलेलं असतं.

आरसी बुक नसलेली गाडी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. आणि चेसिस घासताना नंबर कुठे कोरलाय ते आधी शोधा. मी त्या जागेवर जाड ग्रीस लावून वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेनं बांधतो, शेडमध्ये ग्राइंडर चालू व्हायच्या आधी, पहिल्याच दिवशी.