सायकलचा मागचा दिवा घरच्या घरी

रत्नागिरीच्या भाट्ये पुलावरून पावसकडे अंधारात सायकल नेताना मागच्या गाडीला आपण दिसायलाच हवं, म्हणून आधी लाल दिवा करा. तीन पेन्सिल सेल एकापुढे एक जोडले की साडेचार व्होल्ट मिळतात. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट पुरतात, म्हणून प्रत्येक एलईडीला स्वतंत्र १५० ओहमचा रेझिस्टर (प्रवाह आवरणारा छोटा भाग) द्या. सगळ्या एलईडींना मिळून एकच रेझिस्टर नको. प्रवाह सारखा वाटला जात नाही.

खरी लढाई खाऱ्या हवेशी. उघड्या तांब्यावर हिरवा थर चढतो आणि दिवा ऐन पावसाळ्यात दगा देतो. सोल्डर केलेल्या प्रत्येक जोडावर नेलपॉलिशचे दोन हात द्या, वर हीटश्रिंक नळी (गरम केली की आवळते ती) चढवा. दिव्याच्या डबीच्या तळाला बारीक भोक ठेवाच, आत शिरलेलं पाणी निथळतं. दिवा सीटखाली, सरळ मागे तोंड करून बसवा. लुकलुकता मला पटत नाही. मागच्याला अंतराचा अंदाज येत नाही.