दत्तक कुत्र्याला घरी एकटं राहायला शिकवताना

चपला फाडल्या, सोफ्यातला फोम उपसला, दार ओरबाडलं, असं झालं की शिकवणीआधी निदान करा. फोन दाराकडे रोखून ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि अर्ध्या तासासाठी बाहेर जा. तुम्ही गेल्यावर काही मिनिटांतच येरझाऱ्या, धापा, लाळ, एकसारखं रडणं सुरू झालं, चौकटीवर पंजे पडले, चिकनच्या तुकड्यालाही तोंड लावलं नाही, तर ती एकटेपणाची भीती. मस्त झोप काढून उठल्यावर उशी फाडली, तर तो कंटाळा. चार ते सात महिन्यांचं पिल्लू असेल तर दात बदलत असतात, ते चावणारच. चपला कपाटात ठेवा.

कंटाळ्याचा इलाज सोपा. सकाळी अर्धा तास फिरवा, पण ओढत नेऊ नका. प्रत्येक खांब हुंगू द्या, त्यानेच तो दमतो. निघताना खाणं वाडग्यात न देता जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत लपवा, किंवा पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून रात्री फ्रीझरमध्ये ठेवा. कांदा-लसूण नको, शिजवलेली हाडं तर मुळीच नकोत, त्यांच्या टोकदार कपच्या होतात.

भीतीला मात्र खेळणं पुरत नाही. आधी निघण्याच्या खुणा बोथट करायच्या. किल्ली उचला, परत ठेवा, चहा प्या. बॅग खांद्याला लावा आणि टीव्हीसमोर बसा. किल्ली वाजल्यावर त्याने मानही वर केली नाही, की दाराकडे वळा. दार उघडून बंद करा. मग बाहेर पाऊल टाकून लगेच आत या. पुढे लॅच लावा आणि पाच सेकंदांनी परत या. नंतर दहा, तीन, पंधरा, आठ सेकंद असं वरखाली करा. दर वेळी वाढवत गेलात तर प्रत्येक फेरी आधीपेक्षा कठीण होते आणि ते त्याच्या लक्षात येतं. सुरुवातीला रोज एकदा दहा-पंधरा मिनिटं पुरे. फोनवर त्याला बघत राहा. जांभया, ओठ चाटणं, दाराशी ताठ उभं राहणं दिसलं की घाबरायच्या आत परता. तरीही घाबरलाच, तर दुसऱ्या दिवशी निम्म्या वेळेपासून सुरू करा. पहिली तीस-चाळीस मिनिटं जमायलाच सगळ्यात जास्त दिवस लागतात. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांनी वाढवता येतं. लिफ्टच्या आवाजाला दचकत असेल तर त्याचा सराव वेगळा.

खरी अडचण पुढे आहे. हा सराव चालू असताना त्याला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं सोडायचं नाही, नाहीतर कमावलेलं जातं. आजी-आजोबा, शेजारी, घरून काम, डे-केअर, काय जमेल ते आधी जुळवा आणि मगच सुरुवात करा.

घरी परतल्यावर फाटकी चप्पल नाकासमोर नाचवून ओरडू नका. तो कान पाडतो, नजर चुकवतो ते तुमच्या आवाजाला घाबरून. तासाभरापूर्वीच्या चपलेशी तो त्याचा संबंध लावत नाही. पिंजऱ्यात किंवा बाथरूममध्ये कोंडलेला घाबरट कुत्रा दात मोडून घेतो, नखं उपटून घेतो. बाल्कनीत तर नकोच. सोबतीला दुसरा कुत्रा आणायचा सल्ला हमखास मिळतो; तुमच्या कुत्र्याला माणूस हवा असेल तर त्याने काही होत नाही.

तीन-चार आठवड्यांत काहीच हललं नाही, किंवा तो स्वतःला जखमा करून घेत असेल, तर पशुवैद्यांना ते व्हिडिओ दाखवा. घरात लघवी करत असेल तर आधी संसर्ग तपासून घ्या. त्यांनी फ्लुऑक्सेटीन किंवा क्लोमिप्रामिन हे चिंता कमी करणारं औषध दिलं तर परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. सराव सोबत चालूच ठेवायचा आणि गोळी मनाने बंद करायची नाही. नुसत्या गुंगीच्या औषधाने अंग ढिलं पडतं, भीती आतच राहते.

दिवाळीच्या आठवड्यात वेळ वाढवू नका, त्या दिवसांत फटाक्यांची भीती आणि एकटेपणाची भीती एकमेकींत मिसळतात. पाडवा-भाऊबीज उरकल्यावर दोन टप्पे मागे येऊन पुन्हा सुरू करा.