नवा पॉप अल्बम आला की रिव्ह्यू आणि फॅन्सच्या कमेंट्स कशा वाचायच्या

मोठ्या गायिकेचा अल्बम आला की तासाभरात "मास्टरपीस" आणि "कचरा" दोन्ही सुरू होतं, आणि ज्याने एक गाणंही ऐकलेलं नाही त्याचंही मत तयार झालेलं असतं. मला हे मनापासून खटकतं. चांगले रिव्ह्यू वाचले तर गाणं जास्त ऐकू येतं, हे मी कितीतरी वेळा अनुभवलंय, फक्त ते वाचायचे कसे हे कळलं पाहिजे. उदाहरण म्हणून टेलर स्विफ्टचा 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' घेते, कारण त्या अल्बमच्या वेळी सगळ्या प्रकारच्या प्रतिक्रिया एकदम बघायला मिळाल्या.

सगळ्यात आधी घड्याळ बघा. मत कोणी दिलंय हे नंतर, कधी दिलंय हे आधी. हा अल्बम १९ एप्रिल २०२४ ला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री बाराला आला, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी सकाळी साडेनऊला, आपल्यातले बरेच जण तेव्हा ट्रेनमध्ये नाहीतर ऑफिसात पोचत होते. १६ गाणी, तासाभराहून थोडा जास्त वेळ. आणि दोन तासांनी, आपल्या साडेअकराला, तिने अजून १५ गाणी टाकली, 'दि अँथॉलॉजी' म्हणून. एकूण ३१ गाणी, दोन तासांच्या वर. म्हणजे अकरा वाजता लिहिलेली पोस्ट फारतर अर्ध्या अल्बमवरची, आणि बारा वाजता ज्याने सगळ्या ३१ गाण्यांवर निकाल दिला त्याची शेवटची गाणी ऐकूनच झालेली नाहीत, गणित साधं आहे. त्यात अल्बम दोन दिवस आधीच लीक झाला होता, त्यामुळे काही जणांची मतं लीक झालेल्या फाइल्सवर बनलेली होती. अशा पोस्ट वाचू नका असं नाही, पण ते मत नसून पहिला धक्का आहे असं समजून वाचा.

मग समीक्षकांकडे या. इथे माझा नियम एकच, आकडा हाताने झाका आणि कारणं वाचा. संगीतावर लिहिणाऱ्या प्रकाशनांपैकी रोलिंग स्टोनच्या रॉब शेफिल्डने या अल्बमला पूर्ण मार्क दिले, एनएमईने पाचपैकी तीन स्टार, पिचफोर्कने दहापैकी ६.६, आणि पेस्टने दहापैकी ३.६. नुसते आकडे बघितले तर वाटतं ही माणसं चार वेगळे अल्बम ऐकून आलीत. पण मजकूर वाचायला घेतला की दिसतं, तक्रार करणाऱ्या बहुतेकांच्या दोन गोष्टी सारख्या आहेत, अल्बम फार लांबलाय आणि जॅक अँटोनॉफ आणि आरन डेसनर या तिच्या प्रोड्यूसर्सचा तो सिंथ-पियानोचा साउंड आता ओळखीचा झालाय. न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिंडसे झोलाड्झचंही तेच म्हणणं होतं, याला काटछाट हवी होती. आणि ज्यांना आवडला ते शब्दांबद्दल बोलतात, इतका राग, इतकी लाज तिने आधी उघडी केली नव्हती असं. म्हणजे दोन्ही बाजूंचं भांडण एका मुद्द्यावर नाहीच आहे! एक जण लांबीबद्दल बोलतोय, दुसरा शब्दांबद्दल, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. म्हणून वाचताना कागदावर (किंवा फोनमध्ये) तीन खाने करा, शब्द, साउंड, लांबी, आणि प्रत्येक रिव्ह्यूमधलं वाक्य त्या त्या खान्यात टाका. पाच-सहा रिव्ह्यूंत चित्र स्पष्ट होतं. ज्या रिव्ह्यूतून एकही खाना भरत नाही, नुसतं "ती आता सगळीकडे झालीय" वगैरे आहे, तो अल्बमवरचा रिव्ह्यू नाहीच.

मेटाक्रिटिक, म्हणजे सगळ्या रिव्ह्यूंचे मार्क एकत्र करणारी वेबसाइट, तिच्या आकड्याबद्दल थोडं. या अल्बमचा तिथला स्कोअर ७६ च्या आसपास आहे आणि लोक तो परीक्षेच्या मार्कांसारखा एकमेकांच्या तोंडावर फेकतात. तो सरासरीचा आकडा आहे, सगळ्या प्रकाशनांना सारखं वजन नसतं, आणि जिथे मार्क दिलेलेच नसतात तिथे मेटाक्रिटिकवालेच मजकूर वाचून आकडा ठरवतात. तीन स्टारचे ६० होतात, आणि तीन स्टार देणाऱ्याला "बरा आहे" म्हणायचं होतं की "निराश झालो" हे त्या ६० मध्ये दिसत नाही. यूझर स्कोअरकडे तर मी बघतच नाही, तिथे न ऐकताही शून्य किंवा दहा देता येतात आणि एकीचे फॅन्स दुसरीला शून्य देत बसतात.

विक्रीचे आकडे ही प्रतिक्रिया आहे का? आहे, पण वेगळी. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात २६.१ लाख युनिट्स (विक्री आणि स्ट्रीम्स मिळून), त्यातली १९.१४ लाख प्रत्यक्ष विक्री, आणि त्यात साडेआठ लाखांवर नुसत्या व्हाइनल रेकॉर्ड्स. स्पॉटिफायवर एका दिवसात ३० कोटी स्ट्रीम्स ओलांडणारा हा पहिला अल्बम. प्रचंडच आहे ते. फक्त मोजायची पद्धत बघा: अमेरिकेतले चार्ट काढणाऱ्या बिलबोर्डच्या तेव्हाच्या नियमात पैसे भरणाऱ्या ऐकणाऱ्यांचे १,२५० स्ट्रीम्स म्हणजे एक युनिट. १६ गाण्यांचा अल्बम असेल तर तो साधारण ७८ वेळा अख्खा वाजावा लागतो, ३१ गाण्यांचा असेल तर ४० वेळा पुरतं. वर वेगवेगळ्या बोनस गाण्यांच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, ज्या एकच फॅन दोन-तीन घेतो. यावरून फॅन्सचं प्रेम किती आहे ते कळतं, गाणं चांगलं आहे का ते कळत नाही. कोणी वाद घालताना चार्ट पुढे केला की मला कळतं, याच्याकडे गाण्याबद्दल बोलायला काही उरलेलं नाही.

फॅन्सच्या प्रतिक्रिया मात्र जरूर वाचा, मला त्या कधीकधी समीक्षकांपेक्षा जास्त शिकवतात, कारण जुन्या अल्बममधली कुठली ओळ इथे परत आलीय ते त्यांनाच पटकन दिसतं. पण आधी गाळणी लावा. कुठलं गाणं कुठल्या बॉयफ्रेंडवर, 'थँक यू एमी'च्या इंग्रजी नावातली मोठी (कॅपिटल) अक्षरं जोडली की किम (म्हणजे किम कार्दशियन) होतं, ही सगळी चर्चा रंगते छान, पण ती बाजूला काढली की उरतं त्यात किती गाणं आहे ते बघा. "ब्रिजमध्ये तिचा आवाज असा खाली जातो तिथे मला भरून आलं" (ब्रिज म्हणजे गाण्यात शेवटाकडे येणारा वेगळ्या चालीचा तुकडा) अशी एक कमेंट दहा थिअऱ्यांपेक्षा मोलाची.

आणि एक गोष्ट मला कळकळीने सांगायचीय. पेस्टचा तो रिव्ह्यू नावाशिवाय छापला गेला, कारण २०१९ मध्ये 'लव्हर'चा रिव्ह्यू लिहिणाऱ्याला हिंसेच्या धमक्या आल्या होत्या. २०२० मध्ये पिचफोर्कने 'फोकलोर'ला दहापैकी आठ दिले, आठ!, तरी त्या समीक्षक बाईंचा पत्ता आणि फोन नंबर पसरवला गेला. आपलं प्रेम कितीही असो, हे चुकीचं आहे, आणि याने नुकसान आपलंच होतं कारण मग लोक घाबरून गुळमुळीत लिहायला लागतात. रिव्ह्यू पटला नाही तर त्यातलं वाक्य घ्या आणि त्या वाक्याला उत्तर द्या, लिहिणाऱ्याच्या मागे लागू नका.

मग थांबा. 'क्रूएल समर' २०१९ च्या 'लव्हर'मधलं गाणं, तेव्हा सिंगल म्हणून, म्हणजे अल्बममधून वेगळं काढून, आलंही नव्हतं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, टूर चालू असताना, ते बिलबोर्डवर एक नंबरला गेलं. गाणं तेच, ऐकणाऱ्यांना चार वर्षं लागली. म्हणून पहिल्या दिवसाचे दोन-तीन रिव्ह्यू सेव्ह करून ठेवा आणि दोनेक महिन्यांनी परत उघडा, काही वाक्यं तेव्हा जास्त खरी वाटतात आणि काही एकदम पोकळ.

आता "फार लांब आहे" ही तक्रार तुमच्यापुरती तपासायची सोपी पद्धत. ३१ मधून तुमची १२ गाणी निवडा, वेगळी प्लेलिस्ट करा, आठवडाभर तीच ऐका, आणि मग एकदा अख्खा अल्बम लावा. गाळलेल्या गाण्यांची आठवण आली नाही तर समीक्षक बरोबर होते. आली तर कुठल्या गाण्याची आली ते लिहून ठेवा, तुमच्या स्वतःच्या रिव्ह्यूची सुरुवात तिथूनच करता येते. मला 'द ब्लॅक डॉग' गाळून चालेना, आणि ते पहिल्या १६ मध्ये नाहीच, सकाळी साडेनऊला आलेल्या यादीत ते नव्हतंच.