रिसेप्टर शिकताना या चुका टाळा

पेशीपटलातून संदेश आत कसा जातो याची आकृती काढायला सांगा, बहुतेक वह्यांत ॲड्रिनॅलिनचा बाण थेट पेशीत घुसलेला असतो. हा बाण मी वर्षानुवर्षे खोडत आलो आहे. ॲड्रिनॅलिन बाहेरच राहतं. ते चिकटलं की रिसेप्टर, म्हणजे हार्मोनचा संदेश पकडणारं प्रथिन, आकार बदलतो: पटलातून आरपार गेलेल्या त्याच्या सात सर्पिलांपैकी सहाव्याचं आतलं टोक बाजूला सरकतं. तिथे उघडलेल्या खाचेत जी-प्रथिन (संदेश पेशीत पुढे नेणारं प्रथिन) बसतं, जीडीपी हा रेणू सोडतं, जीटीपी घेतं आणि चालू होतं. मी हार्मोन लाल पेनने काढतो, बाकी सगळं निळ्याने. लाल रेघ पटलाशी पोचली की हात आपोआप थांबतो. (कॉर्टिसॉलसारखी स्टेरॉइडं पटल ओलांडतात, पण त्यांचे नेहमीचे रिसेप्टर पेशीच्या आतच असतात.)

दुसरी चूक मला जास्त छळते. संदेश सुरू कसा होतो हे सगळे पाठ करतात, तो बंद कसा होतो हे कुणी वाचतच नाही. एका विद्यार्थ्याने पेशींवर ॲड्रिनॅलिन घातलं, तासाभराने सायक्लिक एएमपी (चालू जी-प्रथिनामुळे पेशीत तयार होणारा संदेशवाहक रेणू) मोजलं आणि 'या पेशींत रिसेप्टरच नाही' असं लिहून मोकळा झाला. दर काही मिनिटांनी नमुने घ्यायचे होते, ते त्याने वेळ वाचवायला गाळले. त्यापायी आमचे तीन आठवडे गेले. मग दोन, पाच, दहा मिनिटांचे नमुने घेतले, सायक्लिक एएमपी तोडणारं एन्झाइम फॉस्फोडायएस्टरेज रोखणारं रसायन, आयबीएमएक्स, आधीच घातलं, आणि संकेत स्पष्ट दिसला. तासाभरात त्या एन्झाइमने सायक्लिक एएमपी तोडलं होतं, रिसेप्टरही ॲरेस्टिन हे प्रथिन चिकटून गप्प झाला होता.

बंद होणं किती मोलाचं, ते कॉलरा दाखवतो. त्याचं विष जी-प्रथिनाच्या अल्फा भागाला जीटीपी तोडू देत नाही, म्हणून ते बंदच होत नाही. सायक्लिक एएमपी वाढतच राहतं, आतड्यातून क्लोराइड आणि त्यामागे पाणी वाहत सुटतं.

इन्सुलिनच्या रिसेप्टरचे दोन अर्धे हार्मोन आल्यावर जोडी जमवतात, असंही लिहू नका. ती जोडी डायसल्फाइड बंधांनी (गंधकाच्या दोन अणूंमधल्या बंधांनी) आधीच बांधलेली असते.

'ॲसिटिलकोलीन स्नायू आकुंचित करतं' एवढंच लिहू नका. हृदयात तेच एम-२ रिसेप्टरवर बसून ठोके मंद करतं. रेणूच्या नावाशेजारी रिसेप्टरचं नाव लिहिलेलं नसेल, तर मी ते उत्तर पुढे वाचत नाही.