हॅकिंटॉश सारखा पडतोय? कॉन्फिग उघडण्याआधी रॅम तपासा

हॅकिंटॉश म्हणजे साध्या पीसीवर मॅकओएस चालवणारं मशीन. ते मध्येच रीस्टार्ट झालं की नवख्यांचा हात पहिल्यांदा कॉन्फिग.पीलिस्टकडे, म्हणजे ओपनकोर या बूटलोडरच्या सेटिंगच्या फाइलकडे जातो. एक क्वर्क (ओपनकोरमधला जुळवणीचा पर्याय) चालू कर, दुसरा बंद कर, कुठून तरी नवी केक्स्ट (मॅकओएसचा ड्रायव्हर) आणून टाक. असं दोनदा-चारदा झालं की मूळ दोष कोणता आणि आपण घातलेला कोणता, हेच कळेनासं होतं. खऱ्या मॅकमध्ये रॅम, बोर्ड, पॉवर सप्लाय एकमेकांशी जुळवून तपासलेले असतात. इथे ते काम आपलं. म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवा: मॅकओएसच्या बाहेरही जो दोष दिसतो तो हार्डवेअरचा. बाहेर काहीच सापडलं नाही, तरच ओपनकोरकडे वळायचं.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. अ‍ॅपलचा परवाना मॅकओएस फक्त अ‍ॅपलच्याच संगणकावर चालवायची मुभा देतो. असे संगणक जुळवून विकणारी सायस्टार ही अमेरिकी कंपनी २००९ साली कोर्टात हरली होती. तेव्हा शिकायला, घरच्या घरी हा उद्योग ठीक. गिऱ्हाइकाला बांधून विकायला नाही. दुसरं, मॅकओएस २६ टाहो ही इंटेल प्रोसेसरवर चालणारी शेवटची आवृत्ती, असं अ‍ॅपलने जून २०२५ मध्ये जाहीर केलं. त्यामुळे हॅकिंटॉशसाठी आता महागडे नवे भाग घेण्यात अर्थ नाही. आहे ते मशीन स्थिर ठेवणं, एवढंच काम उरलं आहे.

आधी मशीन नेमकं कसं पडतं ते बघा. बूट-आर्ग्समध्ये, म्हणजे सुरू होताना मॅकओएसला मिळणाऱ्या सूचनांमध्ये, '-व्ही', 'कीपसिम्स=१' आणि 'डीबग=०एक्स१००' हे तिन्ही घाला. पहिल्याने बूट होताना अक्षरं दिसतात, दुसऱ्याने कर्नल पॅनिकमध्ये (मॅकओएसचा गाभाच चुकीमुळे थांबतो तेव्हा) फंक्शनांची नावं वाचता येतात आणि तिसऱ्यामुळे पॅनिक झाल्यावर मशीन आपोआप रीस्टार्ट न होता तिथेच थांबतं. हा तिसरा फार कामाचा. तो असतानाही मशीन खटकन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, तर ते बहुधा कर्नल पॅनिक नाही. वीज, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) किंवा तापमान यांच्याकडे बघा. मशीन जागच्या जागी थिजलं तर पॅनिकचा संशय धरा. पॅनिकचे रिपोर्ट मूळ ड्राइव्हवरच्या लायब्ररीत, लॉग्जमधल्या डायग्नॉस्टिक रिपोर्ट्स या फोल्डरमध्ये सापडतात. एनव्हीरॅम (मशीन बंद असतानाही माहिती टिकवणारी बोर्डावरची मेमरी) नीट चालत नसेल तर मात्र ते जतनच होत नाहीत. त्यामुळे रिपोर्ट नाही म्हणजे पॅनिक नाही, असं समजू नका.

रिपोर्ट हाती आले की एकच वाचून निष्कर्ष काढू नका, तीन-चार शेजारी ठेवा. प्रत्येक वेळी बॅकट्रेसमध्ये (पडण्याआधी चाललेल्या फंक्शनांच्या यादीत) एकाच केक्स्टचं नाव येत असेल, तर दोष त्या ड्रायव्हरचा किंवा त्या उपकरणाचा. एकदा ग्राफिक्स, एकदा फाइल सिस्टिम, एकदा ब्राउझर, कधी पेज फॉल्ट तर कधी जनरल प्रोटेक्शन, असं भटकणारं पॅनिक दिसलं की रॅमवर संशय घ्या. 'मशीन चेक' हे शब्द दिसले तर तक्रार खुद्द प्रोसेसरने केलेली असते. तिथे केक्स्ट बदलून काहीही साधत नाही.

आता रॅम. रॅम खराब आहे हे कित्येक महिने लक्षातच येत नाही. विंडोज त्याच मशीनवर 'मस्त चालतंय' म्हणून लोक रॅमला निर्दोष ठरवतात. दोन्ही सिस्टिम मेमरी वेगवेगळ्या तऱ्हेने वापरतात, एका सिस्टिमचा बिघडलेल्या पत्त्याशी रोज संबंध येतो, दुसरीचा क्वचित. त्यात अ‍ॅपलची एपीएफएस ही फाइल सिस्टिम आपल्या नोंदींना चेकसम (माहिती बिघडली का हे ओळखणारा आकडा) लावते, तुमच्या फाइलींमधल्या मजकुराला लावत नाही. म्हणजे खराब रॅममधून गेलेला फोटो किंवा व्हिडिओ मुकाट्याने बिघडलेला साठवला जाऊ शकतो. मॅकओएसचा इन्स्टॉलर दर वेळी वेगळ्याच टप्प्यावर 'फाइल खराब आहे' म्हणू लागला, तर तो पुन्हा डाउनलोड करण्याआधी रॅम तपासा. आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत टाइम मशीनचा जुना बॅकअप पुसू नका.

तपासणी अशी. मशीन बंद करा, एसएमपीएसच्या मागचं बटण बंद करा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा आणि रॅमच्या सगळ्या पट्ट्या काढा. संपर्काच्या सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. दुकानातले कारागीर सर्रास खोडरबर घासतात. काम होतं, पण सोन्याचा मुलामा झिजतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडला तर दुसराच घोळ. कोकणपट्टीत किंवा मुंबईत पावसाळ्यानंतर अचानक सुरू झालेला त्रास नुसत्या पुसण्याने थांबतो, हे मात्र खरं.

एकच पट्टी परत लावा, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर त्याला ए२ म्हणतात, आणि दोन पट्ट्या असतील तर जोडी ए२ आणि बी२ मध्ये, म्हणजे दुसऱ्या-चौथ्या स्लॉटात बसते. बायोसचे मूळ सेटिंग परत आणा, एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायचं सेटिंग) बंद ठेवा. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर उतरवा, सिक्युअर बूट बंद करून त्यावरून बूट करा आणि मोफत आवृत्ती देते तेवढे चारही पास (फेऱ्या) पूर्ण होऊ द्या. १६ जीबीच्या पट्टीला काही तास लागतात, रात्री लावून झोपलेलं बरं. ज्याला मुक्तस्रोत हवं त्याने मेमटेस्ट८६+ घ्यावं. सहाव्या आवृत्तीपासून तेही यूईएफआयवर (नव्या बोर्डांवरच्या बायोसवर) चालतं.

निकाल वाचताना दयामाया नको. एक चूक निघाली तरी पट्टी किंवा तिचं सेटिंग नापास. 'फक्त एकच एरर आली' म्हणून ती वापरत राहायची नाही. अपवाद तेराव्या, हॅमर टेस्टचा: ती मेमरीच्या त्याच त्या ओळींवर मुद्दाम मारा करते, त्यामुळे फक्त तिथेच चूक आली आणि बाकी सगळं स्वच्छ असेल तर थोडं सबुरीने घ्या. बाकी कुठल्याही टेस्टला ही सूट नाही.

पट्टी नापास झाली की तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून टेस्ट पुन्हा करा. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी खराब. चूक स्लॉटलाच चिकटून राहिली, म्हणजे तिथे लावलेली प्रत्येक पट्टी नापास होते, तर बोर्ड किंवा प्रोसेसरचं सॉकेट बघा. इंटेलच्या सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा एका बाजूने जास्त आवळलेला कूलर, यामुळे मेमरीचा अख्खा चॅनल गायब होतो. कूलरचे स्क्रू सैल करून तिरक्या जोडीने, थोडे थोडे आवळले की अचानक १६ जीबी पुन्हा दिसू लागतात.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार वेगळाच: एकेकट्या पट्ट्या पास, एकत्र नापास. इथे बहुतेकदा दोषी एक्सएमपी. पाकिटावर ३२०० लिहिलेलं असतं, पण नवव्या पिढीच्या आय५, आय७ आणि आय९ प्रोसेसरचा अधिकृत वेग २६६६ आहे आणि दहाव्या पिढीत आय७-आय९चा २९३३. त्यावरचं सगळं ओव्हरक्लॉकिंगच. डीडीआर४चं प्रमाण व्होल्टेज १.२, एक्सएमपी ते सहसा १.३५ वर नेतं. वेग ३२०० वरून २९३३ किंवा २६६६ वर आणून टेस्ट पुन्हा चालवा. रोजच्या कामात हा फरक जाणवतही नाही. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन जोड्या एकत्र लावल्या असतील तर, मॉडेल नंबर एकच असला तरी, आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. चार पट्ट्यांचा भार मेमरी कंट्रोलरवरही जास्त पडतो. डीडीआर५वर तर चार पट्ट्यांनी वेग आणखी खाली येतो. त्यात पहिल्या बूटला मेमरी ट्रेनिंगसाठी काही मिनिटं पडदा काळा राहतो. तेव्हा घाबरून बटण दाबू नका.

तुमच्याकडे तेराव्या-चौदाव्या पिढीचा के मालिकेतला इंटेल प्रोसेसर असेल तर एक वेगळा सापळा आहे. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर कालांतराने अस्थिर होतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. लक्षणं थेट रॅमसारखी: झिप फाइल उलगडताना चूक, भटकी पॅनिक. रॅम पास झाली तरी हे चालू राहिलं तर बायोस अद्ययावत करा, कारण ही दुरुस्ती तिथूनच येते. झालेली झीज मात्र बायोसने भरून निघत नाही. प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागतो.

रॅमशी संबंध नसलेले, पण रॅमसारखे भासणारे दोष पुष्कळ. सॅमसंगच्या पीएम९८१, पीएम९९१ आणि मायक्रॉन २२००एस या एनव्हीएमई ड्राइव्ह मॅकओएसमध्ये पॅनिक घडवण्यासाठी बदनाम आहेत. लॅपटॉपमधून काढलेल्या म्हणून स्वस्तात मिळतात आणि लोक मोहात पडतात. ती ड्राइव्ह नुसती विंडोजसाठी लावली तरी मॅकओएसचा ड्रायव्हर तिला हात लावतोच. पॅनिकमध्ये 'आयओएनव्हीएमई' दिसलं तर ती काढून बघा. साटा डिस्कच्या स्मार्ट माहितीत (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत) १९९ क्रमांकाची सीआरसी चूक वाढत असेल तर डिस्क नाही, केबल बदला.

विजेचं आपल्याकडे वेगळंच. लोड वाढला की, म्हणजे व्हिडिओ रेंडर सुरू केला की मशीन बंद होत असेल तर ग्राफिक्स कार्डाला एसएमपीएसमधून येणाऱ्या केबली बघा. दोन कनेक्टर असतील तर एकाच केबलची दोन टोकं न लावता दोन वेगळ्या केबली वापरा. वीज जाऊन यूपीएसवर येताना मशीन बंद होत असेल तर यूपीएस खराब असेलच असं नाही: पायऱ्यापायऱ्यांची लहर देणारे स्वस्त यूपीएस आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज खेचण्याची लहर सुधारणारं सर्किट) असलेले एसएमपीएस यांचं कधी कधी जमत नाही. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस तात्पुरता आणून खात्री करा.

एवढं सगळं निर्दोष निघालं, तर आता ओपनकोर. बायोस अद्ययावत केल्यावर बूट थांबलं असेल तर सेटिंग मूळ पदावर गेलेली असतात. अबव्ह ४जी डीकोडिंग चालू, सीएसएम आणि फास्ट बूट बंद, एक्सएचसीआय हँडऑफ चालू, सीएफजी लॉक बंद, आणि आतलं ग्राफिक्स वापरत असाल तर डीव्हीएमटी (त्यासाठी राखलेली रॅम) ६४ एमबी, एवढं तपासा. डीव्हीएमटीचा पर्यायच नसेल तर फ्रेमबफरच्या पॅचमध्ये स्टोलनमेम लागतो, नाहीतर ग्राफिक्स सुरू होतानाच पॅनिक. 'एक्झिटबीएस:स्टार्ट' या ओळीवर अडकणं किंवा 'कुडन्ट अ‍ॅलोकेट रनटाइम एरिया' हा संदेश म्हणजे रॅम खराब नव्हे. बायोस देत असलेल्या मेमरीच्या नकाशात कर्नलला सलग जागा सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ओपनकोरच्या लॉगमध्ये २५६ पैकी थोड्याच स्लाइड (कर्नलला बसायच्या जागा) वापरता येतात असं लिहिलेलं दिसलं तर प्रोव्हाइड कस्टम स्लाइड आणि डीव्हर्च्युअलाइझ एमएमआयओ या क्वर्ककडे बघा. ओपनरनटाइमची फाइल ओपनकोरच्याच आवृत्तीची आहे ना, हेही पाहा. अर्धवट अद्ययावत केलेला ईएफआय (ओपनकोरच्या फाइलींचा फोल्डर) हे फार नेहमीचं कारण. दर बदलानंतर ओसीव्हॅलिडेट (कॉन्फिग तपासणारा प्रोग्रॅम) चालवा, एका वेळी एकच बदल करा, आणि चालू स्थितीतला ईएफआय फोल्डर वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा.

काही तक्रारी खऱ्या नसतातच. कॉन्फिगमध्ये मॅकप्रो७,१ हे मॅकचं मॉडेल निवडलं की 'मेमरी चुकीच्या स्लॉटमध्ये आहे' अशी सूचना येते, कारण खऱ्या मॅक प्रोत १२ स्लॉट असतात आणि तुमच्या बोर्डावर चार. रिस्ट्रिक्टइव्हेंट्स ही केक्स्ट ती सूचना थांबवते. 'अ‍ॅप्लिकेशन मेमरी संपली' हा संदेश पुष्कळदा डिस्क भरल्याचा असतो: स्वॅपला (रॅम कमी पडली की डिस्कवर ठेवल्या जाणाऱ्या माहितीला) जागा उरत नाही. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये वापरलेली रॅम किती हे न बघता मेमरी प्रेशरचा आलेख बघा. तो हिरवा असेल तर १६ पैकी १५ जीबी भरलेली दिसली तरी चिंता नाही.

पट्टी खराबच निघाली तर वॉरंटीला जाताना हॅकिंटॉशचं नाव काढायची गरज नाही, काउंटरवरच्या माणसाला त्यात रस नसतो. मेमटेस्ट८६चा रिपोर्ट पेनड्राइव्हवर जतन होतो, तो छापून न्या. एक्सएमपी बंद असताना चूक आली हे त्यात दिसलं पाहिजे, नाहीतर वेग कमी करून बघा असं सांगून परत पाठवतात. बिल आणि पट्टीवरच्या स्टिकरचा फोटो सोबत ठेवा. आणि जोडीने घेतलेली रॅम असेल तर चांगली पट्टीही बरोबर न्या, कारण पुष्कळ कंपन्या दोन्ही परत घेऊन नवी जोडी देतात.